रिकामी झोळी हलवायची नाही

शांतामावशीच्या पाळणाघरात रिकाम्या झोळीला हात लावायची कुणाची हिंमत नाही. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी बोलता बोलता सहज एक झोळी हलवली. मावशीनं सरळ त्यांच्या मनगटावर फटका मारला. साहेब हात चोळत बघतच राहिले.

"तिच्यातलं लेकरू यायचंय अजून," मावशी म्हणाली. "रिकामी हलवली की लेकराला बाधतंय."

मी शहागडला मावशीच्या शेजारी राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहायचं म्हटलं की अजून थोडी भीती वाटते. पण मावशीबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि गल्लीत दुसरं कुणी लिहीत नाही.

मावशीच्या घराची पुढची खोली म्हणजे पाळणाघर. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या. खोली हायवेला लागून आहे. मोठा ट्रक गेला की सगळ्या झोळ्या डुलतात आणि मावशी उठून एकेक धरत सुटते. पाळणाघर चालतं सरकारी अनुदानावर, म्हणून मावशीला नियमांचा फार धाक. "नियमात हाय का?" हे तिचं पालुपद. मी एकदा तिच्याकडं चहा मागितला, तरी तिनं आधी तेच विचारलं.

मग करोना आला. सुपरवायझर मॅडमनी फोनवर नवा नियम सांगितला. मुलं बोलवायची नाहीत, त्यांचा आहार घरपोच द्यायचा. पण केंद्र चालू ठेवायचं आणि मावशीनं वेळेवर हजर राहायचं. असं केलं तरच अनुदान येईल. एक जरी मूल केंद्रात दिसलं, तर अनुदान बंद.

मावशी दिवसभर सुन्न बसून होती. संध्याकाळी मला म्हणाली, "लेकरं न्हाईत आन् पाळणाघर चालू? हे कसं काय गं? तू शिकून राह्यली ना, सांग."

मी तोच नियम तिला पुन्हा सांगितला.

"अनुदान गेलं तर ही खोली गेली बघ," ती म्हणाली. "मंग या बाया पुन्हा लेकरं बांधावर टाकून खुरपायला जातील. पहिलं तसंच व्हायचं. मुंग्या चावून लाल व्हायचे लेकरं."

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या आईकडून वरवंटा मागून नेला. मग समोरच्या काकूंकडून. मग मागच्या आळीतून. आई म्हणाली, "तिचं एकटीचं पोट केवढं, अन् वाटून काय राह्यली एवढं?"

त्याच आठवड्यात मॅडमना व्हिडिओ कॉलवर केंद्र बघायचं होतं. मावशीकडं साधा फोन, म्हणून मी माझा घेऊन गेले. कॉल लागला. मी तोंडाला ओढणी बांधून दारात उभी राहिले, फोन आत फिरवला. प्रत्येक झोळी भरलेली होती. प्रत्येकीत टोपडं घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी निजलं होतं आणि मावशी दोरी ओढून सगळ्यांना झोके देत होती.

फोनमधून मॅडमचा आवाज आला, तो ओळखूच येईना. "मावशी! लेकरं गोळा केली तुम्ही? नियम सांगितला होता ना? मी आत्ता बंद करते केंद्र."

मावशी मात्र शांतपणे उठली, जवळच्या झोळीतलं बाळ उचललं आणि मोबाइलसमोर त्याचं टोपडं काढलं.

आत वरवंटा होता.

"नियमात हाय ना?" मावशी म्हणाली. "केंद्र चालू ठेवा म्हन्ल्या. झोळी हलल्याबिगर चालू कसं म्हनावं? आन् रिकामी तर बिलकुल हलवायची न्हाई. बारशात बी पहिलं वरवंटाच निजवतो की आपण."

"अहो, पण कपडे कशाला घातले?"

"उघडं कसं निजवावं?"

मॅडमनी मला फोन पुन्हा एकदा सगळ्या झोळ्यांवरून फिरवायला लावला. शेवटी म्हणाल्या, "चालू ठेवा." आणि कॉल कट झाला. हसू आलं म्हणून कट केला की आणखी कशानं, ते मला अजून कळलेलं नाही.

ही गोष्ट गल्लीत पसरली तेव्हा बाया आधी घाबरल्या, मावशीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाल्या. मग हळूहळू सवय झाली. आई मला सांगायची, "शांताबाईला म्हणावं, आमचं लेकरू दुपारी घरी धाड. ठेचा करायचाय."

अनुदान थांबलं नाही. पुढं लेकरं परत आली, तसे वरवंटेही धुवून ज्याचे त्याच्या घरी गेले. फक्त गुड्डी नावाची एक पोर आली नाही. तिचे आईबाप धाब्यावर कामाला होते, परराज्यातले. धाबा बंद झाल्यावर चालतच गावाकडं निघून गेले होते. त्यांचा फोन लागत नाही.

मॅडम तपासणीला आल्या. आता नियम असा की गेलेल्या मुलाचं नाव कमी करायचं आणि त्या जागी नवीन मूल घ्यायचं. मावशीनं नाव कमी केलं, नवीन बाळही घेतलं, पण त्याच्यासाठी स्वतःचं लुगडं फाडून वेगळी झोळी बांधली. गुड्डीची झोळी होती तिथंच राहिली.

परवा मी तिच्याकडं जेवायला बसले होते. त्या झोळीकडं बघून मीच म्हटलं, "मावशी, नियमात हाय का हे?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात चटणी वाढली.

चटणी जाडीभरडी होती. शेंगदाणे अख्खेच दाताखाली आले. मी पाट्याकडं पाहिलं. तो भिंतीला एकटाच टेकून उभा होता, आणि शेजारी बुडाला चटणी लागलेला तांब्या.

"तुझा वरवंटा कुठंय गं?"

बाहेरून एक ट्रक गेला. मावशीनं न बघताच हात लांब करून गुड्डीची झोळी धरली.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."