सदतीस नावांचं सतेलं

तात्याबानं एकदा मनावर घेतलं की ते काम झालंच म्हणून समजावं, असं तात्याबाच सगळ्यांना सांगायचा. सत्तावन्न साली त्यानं मनावर घेतलं होतं की लक्ष्मणाचं लग्न आपल्याच दारात लावायचं.

लक्ष्मण त्याचा एकुलता एक मुलगा. पिंपरीला कंपनी निघाली तसा तो तिकडं कामाला लागला, चाळीत राहू लागला आणि दिवाळीला दोन दिवस पाहुण्यासारखा येऊ लागला. तात्याबाची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तात्याबा सकाळी दोन भाकऱ्या थापायचा, एक खायचा आणि दुसरी कशाला थापली म्हणून स्वतःवरच चिडायचा. पोराची त्याला फार आठवण यायची. लग्नाच्या निमित्तानं का होईना, तो चार दिवस घरात वावरावा, एवढंच त्याला हवं होतं.

मुलीकडची मंडळी मारुंजीची, समजूतदार. मुलाच्या दारात लग्न लावायला त्यांची ना नव्हती. अडलं होतं ते लक्ष्मणापाशी. कंपनीतली आणि चाळीतली दीड-दोनशे माणसं जेवायला येणार, तेव्हा जेवण पिंपरीलाच घालावं, असं त्याचं म्हणणं.

"तात्या, एवढ्या माणसांचा भात शिजंल असं भांडं तरी हाय का गावात?" त्यानं विचारलं. "भांडं असंल तर लगीन गावात. न्हाईतर पिंपरीला."

भांडी होती, पण ती असून नसल्यासारखी. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या नानासाहेबांनी आपल्या वडिलांच्या नावानं लग्नकार्याची सगळी भांडी गावाला दिली होती. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ती ठेवली. प्रत्येक भांड्यावर नानासाहेबांच्या वडिलांचं नाव ठसठशीत घातलेलं, त्यामुळं भांडी नानासाहेबांची आणि काळजीही नानासाहेबांची, हे गावानं मनोमन मान्य करून टाकलं. कल्हई उडाली, घाला नानासाहेबांना पोस्टाचं कार्ड. झाकण हरवलं, घाला कार्ड. एका घंगाळात कोंबडी अंड्यांवर बसली, तर तिला उठवावी की बसू द्यावी, असंही कुणीतरी कार्डावर विचारल्याचं सांगतात. बाकीच्या भांड्यांना केव्हाच भोकं पडली होती.

तात्याबा तडक पुण्याला गेला. नानासाहेब सज्जन माणूस, पण कार्डांनी पोळलेला. त्यांनी तात्याबाला चहा पाजला आणि आपली अट सांगितली. गाव जेवढं तांबं-पितळ गोळा करील तेवढंच वजन ते स्वतः घालतील. पण भांड्यावर त्यांचं नाव नको, वडिलांचं तर मुळीच नको. भांडं गावाचं, सांभाळायचं गावानं. आणि या जन्मात पुन्हा कार्ड नको.

येताना तात्याबानं एस.टी.त बसल्याबसल्या सगळी योजना आखून टाकली. वडिलांच्या नावानं भांडी नानासाहेबांची होतात, तर घराघराच्या नावानं ती गावाची का होणार नाहीत? जो भांडं देईल त्याचं नाव भांड्यावर. चाकणचा रहिमान कल्हईवाला नावं घालण्यात तरबेज होता, त्याला सांगावा गेला. माणूस एक वेळ पोराला विसरेल, पण स्वतःच्या नावाला विसरणार नाही, असं तात्याबा दारोदार सांगत फिरला.

गावानं भरभरून दिलं. सदतीस घरांनी सदतीस भांडी दिली, आणि ती झाडून सगळी तांबे निघाली! नाव तर प्रत्येकालाच हवं होतं, आणि नाव मावेल असं घरातलं सगळ्यात लहान भांडं म्हणजे पाणी प्यायचा तांब्या. उद्धवराव पाटलांच्या घरी हंडे-घंगाळं रचून ठेवलेली, पण इतरांनी काय दिलं ते पाहून त्यांनीही तांब्याच काढून दिला. दोनशे माणसांना पाणी देण्याची सोय उत्तम झाली होती. भाताचं काय, हा प्रश्न उभाच होता.

त्या ढिगाकडं बघत तात्याबा बराच वेळ डोकं धरून बसला. मार्ग काढला तो रहिमाननं. सगळे तांबे मोडीत घालायचे, नानासाहेबांचं वजन त्यात मिळवायचं आणि पुण्याच्या तांबट आळीतून एकच दांडगं सतेलं घडवून आणायचं. मोडीचं ऐकताच गाव बिथरलं. भागूबाई तर उठून उभीच राहिली. भागूबाई म्हणजे तात्याबाची शेजारीण, एकटी बाई, जिभेला धार.

"तांब्या माझ्या म्हायेरचा हाय," ती म्हणाली. "मोडा खुशाल. पर सतेल्यावर माझं नाव पायजे. नवऱ्याचं न्हाई, माझं."

मग पहिलं नाव कुणाचं, यावर चार दिवस भांडण चाललं. पाटील म्हणाले, मान पाटलांचा. भागूबाई म्हणाली, तांब्या आधी मी दिला. लग्न जवळ येत चाललं तशी तात्याबाची झोप उडाली. शेवटी रहिमाननंच एका तांब्याच्या गळ्याभोवती बोट फिरवून दाखवलं. नावं गोल घालायची. गोलाला पहिलंही नसतं आणि शेवटचंही नसतं. भांडण मिटलं. तात्याबानं त्याला मिठीच मारली.

सतेलं आलं ते बैलगाडीतून, आणि त्यात दोन माणसं आरामात बसली असती. चार बाजूंना चार कड्या, गळ्याभोवती सदतीस नावं. ते देवळामागच्या खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून लोकांनी चौकट काढली. कुणाला कार्ड घातलं नाही, कुणाला विचारलं नाही. रोज कुणीतरी येई आणि आपलं नाव चिंचेनं घासून जाई. तात्याबा लांबूनच बघे आणि खूश होई.

लग्नाचा दिवस उजाडला. पिंपरीहून ट्रकच्या दोन-तीन खेपा भरून मंडळी आली. लक्ष्मण मुंडावळ्या बांधून दारात उभा राहिला, आणि तात्याबाला वाटलं, आता हा दिवस सरूच नये. तीन मोठ्या दगडांच्या चुलीवर सतेलं चढलं. चुलीवर ठेवण्याआधी भांड्याला बाहेरून मातीचं लेवण देतात, म्हणजे काजळी धरत नाही. कोंडीराम आचाऱ्यानं लेवण दिलं आणि तो पाणी आणायला वळला. तेवढ्यात सदतीस घरांनी ओल्या फडक्यानं आपापलं नाव पुसून पुन्हा मोकळं केलं.

पाहुणे देवळाच्या बाजूला बसले होते आणि त्यांच्याकडं नेमकं पाटलांचं नाव आलं होतं. हे भागूबाईच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. आच एकाच बाजूला लागतेय, भात करपेल, असं तिनं आपल्या भाच्यांना सांगितलं. भाच्यांनी कड्यांत बांबू घालून सतेलं जरासं फिरवलं. भागूबाई पाहुण्यांसमोर आली. मग पाटलांनाही आचेची काळजी वाटू लागली. मग आणखी कुणाला. ज्या गड्यांनी जन्मात चूल फुंकली नव्हती, ते आचेवर तावातावानं बोलू लागले. भात शिजत होता आणि सतेलं जात्यासारखं फिरत होतं. कोंडीराम हातातला झारा आपटून ओरडत होता, पण त्याचं कोण ऐकणार? सतेल्यावर त्याचं नाव नव्हतं.

शेवटी भागूबाईच्या भाच्यांनी उजवीकडं आणि पाटलांच्या गड्यांनी डावीकडं एकदमच जोर लावला. चुलीचा एक दगड सरकला. सतेलं सावकाश कलंडलं आणि दोनशे माणसांचा भात वाफाळत अंगणभर पसरला.

कुणाला भाजलं नाही, एवढंच नशीब. पंगत पत्रावळी मांडून बसलेली. लक्ष्मणानं बापाकडं पाहिलं. ट्रकमधल्या एका मित्रानं हळूच सुचवलं, आता पिंपरीला जाऊन खाणावळीतच जेवावं. लक्ष्मणाची मान हलल्यासारखी दिसली. पोरगं आता जाणार, आणि परत कशाला येणार?

तेव्हा भागूबाई पदर खोचून घराकडं चालू लागली. जाताना तिनं पंगतीला दरडावलं.

"कुनी उठायचं न्हाई. माझ्या नावाचा भात सांडलाय. भाकरी माझ्या घरची."

पाटलांना हे कसं सोसावं? त्यांचंही नाव होतं. ते धोतर सावरत पळाले. बघता बघता अंगण रिकामं झालं आणि थोड्या वेळानं सदतीस घरांतून सदतीस टोपल्या आल्या. भाकरी, ठेचा, दही, कुणाचं पिठलं, कुणाची वांगी. चाळीतली माणसं अशी जेवली की काहींनी पट्टे सैल केले.

तरी नव्या नवरीला भात घातल्याशिवाय वेशीबाहेर जाऊ देणार नाही, असं भागूबाईनं जाहीर केलं. सतेलं पुन्हा चढलं. ट्रकवाल्याला दुसऱ्या पाळीच्या माणसांना कंपनीत पोचवायचं होतं, तो थांबेना. बाकीची मंडळी गेली आणि नवरानवरी भातासाठी मागं राहिली. तात्याबाला पोराचा एक जास्तीचा मुक्काम मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं थापलेल्या भाकऱ्या तिघांना पुरल्या नाहीत, आणि त्याचा त्याला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

एस.टी.ची वाट बघताना लक्ष्मण म्हणाला, "तात्या, आमच्या चाळीत पन असंच कायतरी करावं म्हनतो. भांडं चाळीचं, नावं सगळ्यांची. मंग सनासुदीला गावाकडं धावायला नगं. कसं जमवलं तुमी, सांगा की."

तात्याबाचा ऊर भरून आला, आणि तेवढाच दुखला. त्यानं सगळं नीट सांगितलं. कुणाकडून काय घ्यायचं, मोडीत कसं घालायचं, नावं गोल कशी घालायची. आपल्या पोराला आपल्यावाचून कसं राहायचं तेच आपण शिकवतोय, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं काही हातचं राखलं नाही, निदान लक्ष्मणाला तरी तसंच वाटलं.

गाडी गेल्यावर मात्र तो जीभ चावून उभा राहिला. एक गोष्ट त्यानं हातची राखली होती, आणि तीही जाणूनबुजून. सतेलं एकदा चुलीवर चढलं की आचाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम भात सांडल्यावर गावानं आदल्याच दिवशी केला होता. तो त्यानं सांगितला नव्हता. पिंपरीतही भात सांडला, तर सून आणि मुलगा सणाला कुठं जेवायला येतील, एवढाच विचार त्याच्या मनात आला होता.