नानांचं बहिरं विमान

नाना कर्णिक आमच्याकडे आले की बसण्याआधी खिशातला ट्रान्झिस्टर काढायचे आणि समोर दिसेल त्या वस्तूत घालून बघायचे. आमच्या पिठाच्या डब्यात त्यांनी बातम्या बुडवल्या, कुकरमध्ये भावगीत कोंडलं. गाणं जाऊन नुसती खरखर उरली की डोळे मोठे करून म्हणायचे, "गिळलं!" बायको मला म्हणायची, "एक दिवस तुम्हालाही कुकरमध्ये ठेवून बघतील."

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन पनवेलला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आलेले. निवृत्त माणूस देवाधर्माला लागतो, हे रेडिओवर चालणारी विमानं करायला लागले. त्यांच्या घरी पंखाखालून वाकून चहा घ्यावा लागे. वैर एकाशीच, कार्बन फायबरशी. "हलकं, मजबूत, सगळं खरं. पण ऐकू देत नाही हो! रिसीव्हरची तार म्हणजे विमानाचा कान. भोवती कार्बन आला की कान बंद. मग आपण खाली बसायचं बोंबलत." म्हणून त्यांच्या प्रत्येक विमानाची तार शेपटीमागे लोंबत असे.

रविवारी खाडीकडच्या मिठागरांपलीकडे, मोकळ्या माळावर उड्डाण. त्याआधी रेंज बघायची. मालतीकाकू विमान दोन्ही हातांत धरून उभ्या राहत. नाना ट्रान्समीटरच्या एरियलची दांडी आत ढकलून लांब लांब जात आणि ओरडत, "हलतंय का?" शेपटीवरची पट्टी हलत असली की काकू म्हणत, "हलतंय!" हलायची बंद झाली की, "थांबलं!" नवराबायकोचं एवढंच संभाषण मी ऐकलं होतं. कर्णिकांचा संसार रेंजमध्ये आहे, असं आम्ही म्हणायचो.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. चांगले ओळीने भिंतीवर बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल. बोला काहीतरी."

नानांनी हात जोडले. "विमानं बंद करतो." कावळ्याने पंख साफ केले. "तुझ्या बहिणीला राहायला बोलावतो." काही नाही. "बाल्कनीला जाळी बसवतो." मागे कोणीतरी हसू दाबायला खोकलं. "चहात साखर कमी घेतो," यावर तर मीही ओठ चावला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी पांगली. नाना भिंतीकडे बघत तसेच उभे होते.

दोन दिवसांनी जिन्यात भेटले. "ती बोलत असणार, सुर्वे. इकडे पोचत नाहीये." अगदी साध्या आवाजात म्हणाले.

मग त्यांनी कार्बन जमवायला सुरुवात केली. बॅडमिंटनच्या मोडक्या रॅकेटी आल्या, मोरा बंदरातल्या कोणा ओळखीच्याकडून मासे धरायच्या परदेशी गळाचा तुटका दांडा आला, बंगलोरच्या भाच्याने काळ्या कापडाचे तुकडे धाडले. महिन्याभरात नखशिखान्त काळंकुट्ट विमान तयार झालं. तार पोटात, गुंडाळून बंद केलेली.

"नाना, हे ऐकणार कसं?"

"ऐकायचंच नाहीये. माझं नाही, त्या पेजरवाल्यांचं नाही, कोणाचंच नाही. सगळ्या जगाला दार बंद. मग जे हलेल..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

काकूंच्या जागी आता मी. ट्रान्समीटरचे सेल काढून नानांनी ते माझ्या खिशात घातले आणि रिकामा डबा घेऊन लांब गेले. "हलतंय का?"

"नाही, नाना!"

बांधावरून जाणारा एक मिठागरवाला थांबला. "काका, यो इमान उरत नाय काय?"

"उडायचं नाहीये त्याला," नाना तिकडून ओरडले. "निरोप घ्यायचाय!"

त्याने माझ्या हातातल्या काळ्या वस्तूकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने दुसऱ्या बांधाने निघून गेला. मलाही त्याच्याबरोबर जावंसं वाटत होतं.

असे बरेच रविवार गेले. एका संध्याकाळी वारा पडला होता, खाडीचं पाणी हलत नव्हतं. आणि पट्टी हलली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा मध्ये. आतल्या मोटरची थरथर तळव्यांना जाणवली. सिग्नल नसला की अशी यंत्रं कधीकधी उगाच दचकतात, असं पुढे एका जाणकाराने सांगितलं. तेव्हा मी विमान आणखी घट्ट धरलं.

"हललं!" मी ओरडलो.

नाना धावत येतील असं वाटलं होतं. ते मटकन खाली बसले. मी विमान घेऊन जवळ गेलो, तर माणूस रडत होता.

"सगळा जन्म तिला 'हलतंय का' एवढंच विचारलं, सुर्वे. दुसरं एकदा तरी विचारलं असतं, तर त्या दिवशी घाटावर अंदाज मारत उभा राहिलो नसतो."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात ते उठले, बाहीने नाक पुसलं. "जा, जागेवर जा. नीट धरा."

मी गेलो. नानांनी रिकामा ट्रान्समीटर गवतात ठेवला, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि माळभर ऐकू जाईल असं ओरडले, "मालू, तुला काय हवं होतं गं?"

पट्टी हलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी विमान जरा उंच धरलं आणि तसाच उभा राहिलो.