चिमणी बाहेर येत नाही

सत्कार सुरू व्हायला थोडाच अवकाश होता आणि सत्कारमूर्तीच सापडत नव्हती.

सभागृहात पालक येऊन बसले होते. व्यासपीठावर फुलं होती, मागे भला मोठा फलक होता, ‘यश आणि स्वास्थ्य दिन’, आणि त्यावर चिमणीचा तिच्या स्वतःपेक्षा मोठा हसरा फोटो होता. चिमणी म्हणजे शालान्त परीक्षेत नुसत्या शाळेतून नव्हे, अख्ख्या विभागातून पहिली आलेली मुलगी. उंची एवढीशी, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. पुढे घरच्यांनीही तेच उचललं. फोटो जागेवर होता, मूळ प्रत गायब होती.

“अशी कशी गायब होते?” मुख्याध्यापिका सिस्टर झग्याचा घोळ सावरत व्हरांड्यातून तरातरा चालल्या होत्या. “बिशपस्वामी निघालेत तिकडून!”

सिस्टरनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय त्या श्वासही सोडत नसत. या वर्षी त्यांनी मुलांचं मनःस्वास्थ्य मनावर घेतलं होतं. त्यामुळे गेले कित्येक आठवडे शाळेत कोणालाच स्वस्थता नव्हती. खेळाचं सामान ठेवायची जुनी खोली त्यांनी रिकामी करवून घेतली होती, तिला आकाशी रंग दिला होता, खाली जाड गाद्या टाकल्या होत्या, उशा ठेवल्या होत्या. दारावर ‘विसावा’ असं नाव होतं आणि खाली सिस्टरनी स्वतः लिहून, खोडून, परत लिहून तयार केलेली पाटी होती: ‘थकलात? या. बूट बाहेर काढा. हवा तितका वेळ बसा. कोणी कारण विचारणार नाही. कोणी उठवणार नाही.’ आज बिशपस्वामी या खोलीची फीत कापणार होते. त्यांना खोली आवडली तर धर्मप्रांतातल्या प्रत्येक शाळेत तशी खोली होणार होती.

लाल फीत दारावर आडवी ताणलेली होती. पायरीवर एक बुटांचा लहानसा जोड होता. आणि आत, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन चिमणी बसली होती. फितीखालून जायला तिला वाकावंही लागलं नसणार.

“चिमणी! बाहेर ये.”

“नाही, सिस्टर.”

हे दोन शब्द असे एकापुढे एक ठेवलेले सिस्टरनी आजवर ऐकले नव्हते. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालीस? का नाही?”

चिमणीने नुसतं दाराच्या पाटीकडे बोट दाखवलं.

“ती पाटी उद्घाटनानंतर लागू होते!”

“तसं लिहिलेलं नाही.”

सिस्टरनी पाटी पुन्हा वाचली. खरंच लिहिलेलं नव्हतं. त्या आत जाऊन हाताला धरून ओढू शकल्या असत्या, पण मध्ये फीत होती, आणि बिशपस्वामींच्या आधी ती ओलांडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्या तशाच मागे फिरल्या आणि वर्गशिक्षिका बाईंना गाठलं. “तुमची विद्यार्थिनी आहे. तुम्ही आणा.”

बाई आज सूत्रसंचालन करणार होत्या. नव्या कपड्यांची इस्त्री सांभाळत त्या फितीखालून कशाबशा आत शिरल्या.

“अगं, भाषण पाठ आहे ना तुझं?”

“आहे की.”

“मग घाबरतेस कशाला?”

“घाबरत नाही. त्यात लिहिलंय, मी रोज आठ तास झोपायचे, संध्याकाळी खेळायचे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बागेत फुलपाखरं बघत बसले होते. बाई, कोण बसलं होतं बागेत?”

भाषण बाईंनीच लिहिलं होतं. फुलपाखरं त्यांना विशेष जमली होती.

“लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून लिहितं माणूस,” त्या म्हणाल्या. “सिस्टर म्हणाल्या, ताण न घेता यश, असा विषय आहे.”

“मी रात्र रात्र जागले, बाई. सराव परीक्षेत चॅपेलच्या मागे जाऊन ओकायचे, तोंड धुवायचे आणि वर्गात येऊन बसायचे. तो फोटो आहे ना माझा, हसरा, त्या दिवशी मला ताप होता. खोटं बोलणं पाप आहे, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच. आणि आता बिशपस्वामींच्या देखत, क्रुसाखाली उभी राहून मी फुलपाखरं सांगू? नाही सांगणार. घरी पाठवा, पदक देऊ नका, काहीही करा.”

एका दमात एवढं चिमणी कधी बोलली नव्हती. बाई इस्त्री विसरून तिच्या शेजारी बसल्या.

“बाई, तुम्हाला बोलावतील तिकडे.”

“बोलावू देत. इतकी वर्षं मीच लोकांना बोलावतेय. ‘आता मी आमंत्रित करते, आता मी आमंत्रित करते.’ घसा बसला, पण मला नाही कोणी बसवलं.” त्यांनी एक उशी पाठीशी घेतली. “गादी बरी आहे गं.”

बाई परत येत नाहीत म्हटल्यावर सिस्टरनी पुढच्या रांगेतून चिमणीच्या आईला उठवलं. आई दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी संपवून, घरीही न जाता, लेकीच्या सत्काराला थेट आली होती.

“चिमे! हे काय मांडलंयस? चार लोकांत शोभतं का हे?” आई फितीखालून येतानाच सुरू झाली.

“आई, तू आधी बस.”

“बसायला आले नाही मी. तुझी आत्या आलीय, काका आलेत, सगळे माझ्याकडे बघतायत. आत्ताच्या आत्ता ऊठ आणि…” बोलता बोलता ती गादीवर टेकली. मग उशीवर टेकली. “आणि नीट केस विंचर…” एवढं म्हणाली आणि घोरायला लागली.

“उठवू का?” बाईंनी विचारलं.

“हात तर लावून बघा,” चिमणी म्हणाली.

आता उरले कवायतीचे सर. सरांचा आवाज असा की ‘सावधान’ म्हटल्यावर शेजारच्या इमारतीतली माणसंही ताठ होत. देहही आवाजाला साजेसा. ते तडफेने आले, बूट काढले, वाकले आणि फीत त्यांच्या पोटाला अडकून फट्‌कन तुटली.

सर फितीची दोन टोकं हातात धरून उभे राहिले. गाठ मारून पाहिली, तर फीत पुरेना. इतक्यात व्हरांड्याच्या टोकाला पांढरा झगा दिसला. सरांनी टोकं खिशात कोंबली आणि ते चपळाईने आत येऊन दारामागे उभे राहिले.

“सर, तुम्ही कशाला आलात?” चिमणीने विचारलं.

“तुम्हाला बाहेर काढायला,” सर कुजबुजले.

“मग काढा.”

“आधी सिस्टरना जाऊ देत.”

सिस्टर जाणारच होत्या, कारण बिशपस्वामींची गाडी फाटकात आली होती. सूत्रसंचालिका नव्हती, सत्कारमूर्ती नव्हती, म्हणून सिस्टरनी गायनवृंदाला खूण केली. स्वागतगीत झालं. सिस्टरनी पुन्हा खूण केली, पुन्हा स्वागतगीत झालं. तिसऱ्या वेळेला बिशपस्वामीही सोबत गुणगुणू लागले, चाल एव्हाना पाठ झाली होती.

पण शाळेत बातमीला पाय नाही, पंख असतात. “चिमणीने नाही म्हटलं” एवढं एक वाक्य मागच्या रांगेतून सुटलं आणि पुढच्या रांगेपर्यंत आलं. नाही म्हणता येतं, हेच मुळात कोणाला ठाऊक नव्हतं. एक मुलगी पाणी प्यायला म्हणून उठली. दुसरी तिला पेला द्यायला उठली. तिसरा त्या दोघींना शोधायला उठला. गणितात नापास झालेल्या दोघी, ज्यांना या सोहळ्यात कुठेच जागा नव्हती, त्या तर उठून सरळ चालू पडल्या. मग आपली मुलं कुठे गेली म्हणून पालक उठले. शेवटी गायनवृंदही चौथ्या स्वागतगीताच्या मधूनच पांगला.

“सिस्टर,” बिशपस्वामी हळूच म्हणाले, “सभागृह रिकामं झालं. माझं भाषण तर अजून सुरूही झालं नाही.”

सिस्टरच्या मनात दोन-तीन कारणं येऊन गेली. सगळी सोयीची होती आणि सगळी खोटी. त्यांनी मान खाली घातली. “माझी मुलगी सत्काराला यायला तयार नाही. लोक तिच्याकडे गेलेत. आणि उद्घाटन आपल्याविनाच झालंय.”

बिशपस्वामी वयस्क होते, गुडघ्यांनी अधू होते, पण कुतूहल शाबूत होतं. “चला, बघू तरी,” ते म्हणाले.

‘विसाव्या’बाहेर बुटांचा ढीग पडला होता. आत मुंगीला जागा नव्हती. बिशपस्वामींनी पाटी मोठ्याने वाचली. “कोणी लिहिलं?”

“मीच.”

“फार छान लिहिलंय. लोकांनी मनावर घेतलं.” असं म्हणून त्यांनी बूट काढले आणि आत पाऊल टाकलं. सगळ्यांनी सरकून त्यांना जागा दिली. ते टेकत टेकत खाली बसले, आणि खाली बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता आपलं आपल्याला उठता येणार नाही. त्यांनी हरकत घेतली नाही.

मग मात्र खोलीला तोंड फुटलं. मुलं आईबापांना सांगू लागली, आईबाप एकमेकांना सांगू लागले. कोणाची झोप उडालेली, कोणाची भूक. कवायतीचे सर दारामागून बाहेर येऊन आपल्या रक्तदाबाविषयी बोलू लागले, ते बोलणं बिशपस्वामींच्या गुडघेदुखीपर्यंत पोचलं. नापास झालेल्या दोघींच्या मधोमध बसून बाई हसत होत्या. या गदारोळातही चिमणीची आई ढाराढूर होती. जो तो चिमणीला शोधून पाठीवर थाप मारत होता. “शाबास! बरं केलंस! नाही म्हणजे नाही!” सत्कार टाळायला आलेल्या मुलीचा तिथे अखंड सत्कार चालला होता.

चिमणीला गुदमरल्यासारखं झालं. ती लोकांच्या पायांमधून वाट काढत बाहेर निसटली. शांत जागा शोधत शोधत ती सभागृहात आली. तिथे चिटपाखरूही नव्हतं. ती व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसली.

जरा वेळाने सिस्टर आल्या. त्यांनी तिला पाहिलं. बिशपस्वामींच्या राखीव खुर्चीवर त्या दाणकन बसल्या.

“झालं मनासारखं?”

“नाही, सिस्टर.”

“आणखी काय राहिलं?”

“भाषण.”

“कोणासमोर करतेस? इथे आहे कोण?”

“तुम्ही आहात.”

चिमणी उठली. ध्वनिक्षेपकापर्यंत तिचं तोंड पोचत नव्हतं, तिने तो बाजूला सारला. मग सिस्टरच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने सगळं सांगितलं. चॅपेलच्या मागची जागा सांगितली, ताप सांगितला. पहिला नंबर आल्याचा निरोप आला तेव्हा आनंदाऐवजी पहिल्यांदा मनात आलं की आता पुढच्या वर्षी काय, तेही सांगितलं. “मला अभ्यास आवडतो,” ती म्हणाली. “पहिलं येणंही आवडलं. पण मी मजेत पहिली आले असं सांगितलं, तर जिला मजा येत नाही तिला वाटेल, आपल्यातच काहीतरी खोट आहे. तसं मी नाही होऊ देणार.”

“मागे एक मुलगी पेपर लिहिता लिहिता बेशुद्ध पडली होती,” सिस्टर म्हणाल्या. “मीच उचलून नेली तिला. किती हलकी होती गं. तेव्हापासून ही खोली डोक्यात होती. आणि तू चॅपेलच्या मागे… मी रोज तिथूनच जाते. मला दिसलीही नाहीस.”

“मी लपायचे, सिस्टर.”

“आणि हा कार्यक्रम नीट व्हावा म्हणून आठवडाभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही,” सिस्टर पुटपुटल्या. “स्वास्थ्याचा कार्यक्रम.” त्यांना हसू आलं. त्यांनी पाय लांब केले, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, आणि डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं.

चिमणीने आणखी काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण मध्येच थांबली. मग ती दबकत दाराशी गेली.

व्हरांड्यातून मिरवणूक येत होती. पुढे मोजे घातलेले बिशपस्वामी, त्यांना आधार देत कवायतीचे सर, मागे बाई आणि सगळं लटांबर.

“बाळ,” बिशपस्वामी प्रेमाने म्हणाले, “मला उठवायला चार माणसं लागली. पण आता सगळे ताजेतवाने आहेत. करू या ना सत्काराला सुरुवात?”

“नाही,” चिमणी म्हणाली आणि दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिली. एवढीशी मुलगी, पण दार भरल्यासारखं वाटलं. “सिस्टर झोपल्यात.”

बिशपस्वामींनी तिच्या डोक्यावरून आत डोकावलं. त्यांच्या खुर्चीत सिस्टर तोंड उघडं टाकून शांत झोपल्या होत्या.

“कधी उठतील?”

“त्यांचं त्या ठरवतील.”

बिशपस्वामींनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं, आणि अख्खी मिरवणूक चवड्यांवर परत फिरली. कोणाचं पाऊल वाजू नये म्हणून कवायतीचे सर, ज्यांनी जन्मभर लोकांना पाय आपटायलाच शिकवलं होतं, ते सगळ्यांच्या पुढे होऊन श्वासाच्या आवाजात म्हणत होते, “डावा… उजवा… हळू… डावा…”