कासमभाईंची पाठमोरी बाई

ईरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, "आजी, तुझ्या मागच्या चित्रातली बाई आपल्यावर रागावली आहे का? ती कधीच इकडे बघत नाही." तुमच्या आईला उत्तर देता आलं नाही, कारण त्या वेळी ती फार लहान होती. आजोबा आता नाहीत. उत्तर माहीत असलेली मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

हे चित्र काढणारे कासमभाई माणसांचे केस काढायचे. फक्त केस. आम्ही सौदीत, अल-खोबरला राहत होतो. तिथे दुकानाच्या पाटीवर माणसाचा चेहरा चालत नसे आणि कासमभाई पाट्या रंगवत. न्हाव्याच्या पाटीवर ते भांग, कल्ले, मानेवरची लव, सगळं चकचकीत उतरवत. मध्ये जिथे तोंड हवं, तिथे कोरी निळी जागा.

आजोबा म्हणायचे, "कासमभाई, तुमचा माणूस कुठे निघून गेला हो?"

"साहेब, तुम्ही भांग बघा. भांग बोलतो की नाही?"

खरं तर चेहरे हाच त्यांचा धंदा. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. तरुणपण मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवण्यात गेलं. नायिकेचा एक डोळा काढायला त्यांना शिडी लागे. मग नात्यातल्या कुणी व्हिसा आणला आणि हा माणूस अशा देशात आला, जिथे सिनेमाचं थेटरच नव्हतं.

"तुम्ही कफीलला सांगितलं नाहीत, मी काय रंगवतो ते?" मी विचारलं. कफील म्हणजे तिथला मालक, ज्याच्या नावावर व्हिसा असतो.

"सांगितलं ना वहिनी. तो म्हणाला, पेंटर आहेस ना? यल्ला, चल, कोंबडी काढ."

ती कोंबडीही सोललेली, बिनडोक्याची.

आमच्याच इमारतीत तळमजल्याच्या खोलीत ते राहत. शुक्रवारी आमच्याकडे चहाला येत. आले की आधी दारात थांबून विचारत, "उजेड कुठून येतो?" मग खुर्ची उचलून आपल्या सोयीने ठेवत. मला घरातली वस्तू जागच्या जागी लागते. ते गेले की मी खुर्ची परत ठेवायची आणि पुढच्या शुक्रवारी ते परत हलवायचे. यावर आम्ही दोघांनीही कधी चर्चा केली नाही.

एकदा त्यांनी आम्हाला खोलीवर बोलावलं. भिंतीला टेकून चित्रं ओळीने ठेवली होती. सगळ्यांत तीच बाई, हिरव्या ओढणीतली, खाडीकडे तोंड करून उभी. पहिल्यात नुसती पाठ. पुढच्यात मान किंचित वळलेली. त्याच्या पुढच्यात कान आणि कानातली कुडी. शेवटच्यात गालाची कड.

"ही झुबेदा," ते म्हणाले. "आमची बायको. सुट्टीवर जातो, बघून येतो, तेवढीच वळवतो."

"दोन वर्षांत एक कान?" आजोबा हसले.

"साहेब, नायिकेला एका दिवसात वळवायचो. ही तशी वळत नाय."

झुबेदाने जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. लग्नानंतर तिला मुंबईत आणलं, तेव्हा नवऱ्याने बॅनरवर रंगवलेली बाई तिने रस्त्यावर पाहिली होती. खाली उभे राहून सगळे तिच्याकडे टक लावून बघत होते. ती नवऱ्याला म्हणाली, मला तसं वर चढवू नको. तेव्हापासून कासमभाईंनी कागद काढला, की ती हसून तोंड फिरवायची. म्हणून त्यांना ती डोळ्यांत भरून आणावी लागे.

"यंदाच्या सुट्टीत नाक आणि डोळे आणतो," ते म्हणाले. "मग खलास. चित्र पुरं."

त्या हिवाळ्यात त्यांची सुट्टी होती आणि त्याच हिवाळ्यात कुवेतचं युद्ध आलं. विमानतळ बंद झाला. कासमभाईंचा पासपोर्ट ज्याच्याकडे, तो कफील घरच्यांना घेऊन जेद्दाला निघून गेला. आम्ही विषारी वायूच्या भीतीने निजायच्या खोलीला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावली. आजोबांच्या कंपनीने आम्हाला मुखवटे दिले. कासमभाईंना कोण देणार? मी त्यांना सांगून ठेवलं, भोंगा झाला की सरळ वर या.

एका तिन्हीसांजेला भोंगा झाला आणि ते धापा टाकत आले. अंगावर बनियन. काखेत ते शेवटचं चित्र, रंगाला लागणार नाही असं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"कासमभाई, आधी तुमचं नाक झाका," मी ओला टॉवेल पुढे केला.

"आधी ही, वहिनी. ओढणीचा रंग ओला आहे, धूळ बसेल."

आम्ही तिघं मुखवटे लावून बसलो. तुमची आई रडायला लागली, कारण तिला आई कोणती आणि बाबा कोणते ते कळेना. कासमभाई तिला म्हणाले, "आता सगळेच माझ्या पाटीसारखे झाले बघ." ती हसली. मग त्यांनी झाकलेल्या खिडकीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "इथे उजेड कुठून येणार?"

युद्ध थांबता थांबता कुवेतच्या तेलविहिरींचा धूर आमच्यावर आला. भर दुपारी दिवे लावावे लागत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडे. त्याच दिवसांत दम्मामला राहणारा त्यांचा एक गाववाला निरोप घेऊन आला. झुबेदा तापाने गेली. दफनही होऊन गेलं होतं.

पुढच्या शुक्रवारी कासमभाई आले. उजेड विचारला नाही, खुर्ची हलवली नाही. चित्र माझ्या हातात दिलं.

"पुरं नाही करणार?" मी विचारलं.

"भीती वाटते वहिनी. डोळ्यांतली ती रोज थोडी पुसट होते. आणि हातात तर त्या सिनेमातल्या बायका बसल्या आहेत. आता डोळे काढले, तर ते त्यांच्यातल्या कुणाचे तरी निघतील."

पुढे विमानं सुरू झाली, कफील परतला, पासपोर्टही मिळाला. ते गेले नाहीत. "कुणाला बघून येऊ?" एवढंच म्हणाले. आम्ही भारतात परत निघालो, तेव्हा ते समोरच्या दुकानाच्या शिडीवर होते. कुणाचे तरी कल्ले काढत होते. त्यांनी ब्रश वर करून दाखवला. त्यानंतर त्यांची काही खबर नाही.

तर ईरा, ती रागावलेली नाही. तिला आपण बघितलेलं आवडलं नसतं आणि ज्याने बघायला हवं होतं, त्याला जाता आलं नाही.

चित्र माझ्या जेवणाच्या टेबलामागे आहे. कान, कुडी आणि गालाची कड शाबूत आहे. ओढणीचा हिरवा थोडा उतरला आहे. चित्रात उजेड डावीकडून येतो. माझ्या खोलीतही तो डावीकडूनच येतो.