थोरल्या भुऱ्याची खुर्ची

आमच्या सोनपेठात ज्वारी किलोवर मोजतात. फक्त शेषेराव गिरणीवाल्याच्या काट्यावर ती पैलवानांत मोजली जाते. पिशवी काट्यावर ठेवली की हा भला माणूस आकडा बघतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "तेरा किलो. म्हंजे कवटीवाल्याची एक मांडी." लग्नघरचं पोतं आलं तर, "हा झाला अख्खा टकल्या रेडा, वर दोन किलो." दळणाला आलेल्या बाया हसतात. मी हसत नाही. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला असलं माप पचत नाही.

कवटीवाला आणि टकल्या रेडा कोण, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ती नावं शेषेरावानंच ठेवलेली आहेत. टीव्हीवर अमेरिकेतल्या त्या कुस्त्या लागायच्या बघा, ज्यात रंगीत चड्ड्या घातलेले दांडगे लोक एकमेकांना दोरांवरून बाहेर फेकतात आणि मग माईक हातात घेऊन भांडत बसतात, त्यांचा हा भक्त. इंग्रजीचा आणि त्याचा काही संबंध नाही. पैलवानांची खरी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं गावात बारसं करावं तशी एकेकाची नावं ठेवली. पुढं त्यांची नातीगोती लावली. भांडणांची कारणंही यानंच शोधली. कवटीवाल्याचं आणि टकल्या रेड्याचं वैर एका म्हशीवरून आहे, असं अख्खं सोनपेठ वीस वर्षं मानत आलं. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर, "इमानानं सांगायलोय गुर्जी, तोंडावरून कळतंय."

वीसेक वर्षांपूर्वी गिरणीच्या शेजारच्या खोलीत याचा टीव्ही होता. रविवारी दुपारी कुस्त्या लागायच्या आणि निम्मी गल्ली तिथं जमायची. कवटीवाला मैदानात येताना पडद्यावर अंधार व्हायचा आणि घंटा वाजायची. एकदा अंधार झाला तो झालाच. सगळे श्वास रोखून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी हलेना. मी दळणाचा डबा घेऊन दारात उभा होतो. शेवटी मीच ओरडलो, "अरे, लाईट गेलीय." तरी शेषेराव म्हणतो कसा, "दम धरा गुर्जी, तो असाच येतोय." असल्या लोकांना मी गणित शिकवलं होतं, हे सांगायची लाज वाटते.

आता तुम्ही विचाराल, एवढा तिटकारा होता तर मी तिथं जायचो कशाला? माझं दळण असायचं. दर रविवारी असायचं. बायको म्हणायची, डब्यात पीठ आहे अजून. पण पीठ ताजं बरं असतं.

आमच्याकडं भारनियमनाच्या दिवसांत लाईट नेमकी निर्णायक डावाला जायची. टीव्ही बंद, गिरणीही बंद. लोक आपापल्या डब्यांवर बसून राहायचे. मग सोमवारी सकाळी शेषेराव गिरणीला कुलूप लावून एसटीनं परभणीला जायचा. लोक परभणीला कचेरीच्या कामाला जातात, दवाखान्यात जातात, विद्यापीठातून बियाणं आणतात. हा कुस्तीचा निकाल आणायला जायचा. तिथं स्टेशनजवळ याचा मेहुणा राहतो, त्याच्याकडं लाईट टिकायची आणि कुस्त्या सोमवारी दुपारी पुन्हा दाखवायचे. संध्याकाळच्या गाडीतून हा उतरला की स्टँडवर माणसं उभी. हा कुणाला काही सांगायचा नाही. गिरणीचं दार उघडायचं, पोत्यावर चढायचं आणि मग साभिनय सुरू. देवराव कंपाउंडरवर त्यानं एकदा 'खाटमोड' नावाचा डाव करून दाखवला. देवरावाची मान तीन आठवडे दवाखान्याच्या दिशेलाच वळलेली होती. देवराव आजही तो किस्सा अभिमानानं सांगतो.

शेषेरावाचा स्वतःचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. "हा खाटमोड बसवताना गेला," असं तो नव्या माणसाला आवर्जून सांगतो. त्यातही त्याला मोठेपणा वाटतो.

एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "शेषेराव, ही नुरा कुस्ती आहे. कोण जिंकणार ते आधीच ठरवून खेळतात." त्यानं चालू गिरणी बंद केली. माझा डबा उचलून रांगेच्या मागं ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "तुमचं दळण उद्या." असा तो उद्या तीन दिवस चालला. घरात नुसता भात. चौथ्या दिवशी बायकोनं मला माफी मागायला धाडलं आणि मी ती मागितली. अपमान मी विसरत नसतो.

त्यातला सगळ्यात मोठा भंपकपणा म्हणजे भुऱ्यांची कुस्ती. थोरला भुऱ्या आणि धाकटा भुऱ्या. दोघांचे केस पिवळे, दोघांच्या चड्ड्या लाल, एवढ्यावरून शेषेरावानं त्यांना सख्खे भाऊ ठरवलं. पिवळ्या केसांवरून भाऊ ठरायला लागले तर निम्मी अमेरिका एका घरात जेवायला बसेल. पण ते असो. एका रविवारी धाकटा आडवा पडला, थोरल्यानं लोखंडी खुर्ची डोक्यावर उचलली आणि लाईट गेली. गल्लीत जो गलका झाला, तो समोरच्या हॉटेलापर्यंत ऐकू गेला.

त्या हॉटेलाचं सांगायला हवं. तिथल्या बाकड्यावर दर रविवारी शेषेरावाचे थोरले भाऊ माणिकराव बसायचे, गिरणीकडं पाठ करून. वाटणीत शेत त्यांना गेलं, गिरणी याला आली आणि विहिरीच्या पाण्यावरून दोघांत असं काही झालं की सहा वर्षं बोलणं बंद. काय झालं ते दोघांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. माणिकराव चहा एकच घ्यायचे आणि दोन तास बसायचे.

सोमवारीही माणिकराव त्या बाकड्यावर येऊन बसले होते. शेषेराव परभणीहून आला. पोत्यावर चढला आणि म्हणाला, "थोरल्यानं खुर्ची उचलली. धाकट्याच्या तोंडाकडं बघितलं. लय येळ बघितलं. मंग खुर्ची दिली फेकून आन धाकट्याला उठवून मिठी मारली. धाकटा निस्तं दादा दादा म्हणायला लागला." अमेरिकेतला पैलवान, आणि दादा म्हणतो. मी मोठ्यानं हसलो. बाकी सगळे डोळे पुसत होते, देवराव तर मान वाकडी ठेवूनच.

पुढच्या रविवारी माणिकराव रस्ता ओलांडून आले आणि गिरणीतल्या बाकावर बसले. नंतर केव्हा तरी विचारू लागले, "मंग, थोरल्यानं खुर्ची फेकली?" आणि शेषेराव ती कुस्ती पहिल्यापासून सांगू लागला. आज टीव्ही नाही, ती गर्दीही नाही. देवराव, मी आणि हे दोघे भाऊ, एवढेच रविवारी सकाळी गिरणीत बसतो. कवटीवाल्याच्या आठवणी निघतात, म्हशीचा विषय निघतो आणि शेवटी माणिकरावांचा तोच प्रश्न. वीस वर्षं. विहिरीचं नाव दोघांपैकी एकानंही काढलेलं नाही. दुसरं काही ते बोलतच नाहीत.

गेल्या महिन्यात मुलानं मला नवा मोबाईल दिला. त्यात काय काय सापडतं ते बघताना मला ती कुस्ती सापडली. पिवळे केस, लाल चड्ड्या, तीच खुर्ची. मी ती सहा वेळा पाहिली आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं. थोरल्यानं खुर्ची फेकली नव्हती. धाकट्याच्या पाठीत तीनदा घातली होती, छातीवर पाय दिला होता आणि लोकांकडं बघून हात हलवला होता. भाऊ तर ते मुळीच नव्हते. वीस वर्षांचा खोटेपणा माझ्या खिशात होता. मोबाईल पूर्ण चार्ज करून रविवारी मी तासभर आधीच गिरणीत गेलो. सगळ्यांसमोर उघडं पाडण्याआधी त्याला एकट्याला घाम फुटलेला मला बघायचा होता.

शेषेराव एकटाच होता. जात्याचा दगड उलटा टाकून छिन्नीनं टाकी लावत बसला होता, वाकडा हात दगडावर टेकवून. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला.

त्यानं पाहिलं. खुर्ची पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाला, "आवाज कमी करा, गुर्जी." शेवटपर्यंत पाहिलं. मग भुवयांवरचं पीठ पुसलं.

"हे मी बघितलंय," तो म्हणाला. "परभणीला. त्याच सोमवारी."

"मग गावाला खोटं का सांगितलंस?"

"गावाला कुठं सांगितलं? गाव निस्तं बसलं होतं." त्यानं छिन्नी खाली ठेवली. "समोर दादा बसायचा, पाठ करून. कान समदा इकडंच. खुर्ची उचलली हे त्यानं बी ऐकलं व्हतं. आता मी येऊन काय सांगावं? हाणली म्हनून? येताना गंगाखेडला गाडी बदलंपतूर तेच डोक्यात."

मी म्हणालो, "कुस्ती ती. हाणली तर हाणली."

शेषेरावानं आपल्या कोपराकडं बघितलं. "खाटमोड न्हाई हो हे. इहिरीवर दादानं खोऱ्याचा दांडा घातला. दवाखान्यात मी डाव बसवताना पडलो म्हनून सांगितलं. पोलिसात गेलं असतं. तव्हापासून दादा वर मान करून बघंना. मला बी जाऊन बोलायला जमंना. काय म्हनावं? जाऊ दे म्हनावं तर त्ये बी त्याला लागलं असतं."

मी उभाच होतो. एवढ्या वर्षांत मला हे साधं उदाहरण सुटलं नव्हतं, आणि मी त्याच बाकावर बसून हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती सांगायला आज हरकत नाही.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. माणिकराव आले. हल्ली त्यांना कमी दिसतं. बाकावर बसले, श्वास घेतला. शेषेराव पटकन छिन्नी उचलून दगडाकडं वळला. माणिकरावांना माझ्या हातातला मोबाईल मात्र बरोबर दिसला.

"गुर्जी, त्याच्यात म्हनं जुनं समदं दिसतंय."

"दिसतं."

"ती भुऱ्यांची कुस्ती बी?"

छिन्नीचा आवाज थांबला. शेषेराव वळला नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती आणि तो न सरळ होणारा हात. माणिकरावांनी काठी दोन्ही हातांत धरली होती. वीस वर्षं जे ते भावाला विचारत होते, ते आज मला विचारत होते. मी खोटं बोलत नाही, हे गावाला ठाऊक आहे. चुकलेल्या उत्तराला मी आयुष्यात अर्धा गुण दिलेला नाही.

"ती बी आहे," मी म्हणालो. "आत्ताच बघितली."

"मंग?"

"मारली मिठी," मी मोबाईल खिशात घालत म्हणालो. "आणि खुर्ची दिली फेकून."

माणिकरावांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग पाठमोऱ्या शेषेरावाचा आवाज आला, थोडा बसलेला, पण अधिकार तोच.

"गुर्जी, आधी खुर्ची फेकली. मिठी मंग. असं अर्धवट सांगू नगा, पयल्यापासून सांगा."

मी बाकावर माणिकरावांच्या शेजारी बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं.