आकडेकाकांची खात्री

"उद्यापासून मी असलो काय नि नसलो काय, तुमचं काही अडणार नाही," असं आकडेकाकांनी रक्तपेढीत छाती फुगवून जाहीर केलं.

कुठल्या गटाच्या किती पिशव्या लागतील, याचा अंदाज बांधणारं फंक्शन, म्हणजे संगणकाचा छोटासा प्रोग्राम, काकांनी स्वतः लिहिलं होतं. इतकी वर्षं पेढीच्या डॉक्टरीणबाई आकडे घेऊन त्यांच्याकडे यायच्या, आणि काका आपल्या संगणकावर ते चालवून उत्तर द्यायचे. आता त्यांनी त्याची वेब सर्व्हिस केली होती. संगणक काकांच्या टेबलावरच चालू राहणार. बाईंनी आपल्या पडद्यावर आकडे भरून बटण दाबलं की उत्तर थेट त्यांच्याकडे. हा खटाटोप काकूंसाठी होता. त्यांच्या एका डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी काका पेढीत अडकले होते, आणि काकू शेजारणीचा हात धरून घरी आल्या होत्या. ते काकांना फार लागलं होतं. दुसऱ्या डोळ्याला तरी आपण जवळ असायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात काकूंना आत नेणार तोच काकांचा फोन वाजला.

"काका, पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय," बाई म्हणाल्या. "दुपारच्या शस्त्रक्रियांना पिशव्या किती मागवू?"

"अहो, काल माझ्याच टेबलावर बसून दहादा तपासलंय मी."

काकांनी फोनवरूनच पेढीच्या पहारेकऱ्याला आपल्या टेबलाशी पाठवलं.

"इथे लिहिलंय, 'खात्री आहे का? हो किंवा नाही'," पहारेकरी म्हणाला.

काका मटकन बाकावर बसले. उत्तर देण्याआधी एकदा विचार करावा म्हणून हा प्रश्न त्यांनीच फंक्शनमध्ये घातला होता. तपासताना हात सवयीने 'हो' दाबून मोकळा झाला, त्यांना पत्ताही लागला नाही. आता बाई तिकडे खोळंबल्या होत्या आणि फंक्शन रिकाम्या खुर्चीला खात्री विचारत बसलं होतं.

"'हो' दाबा."

"कशाची खात्री ते कळल्याशिवाय दाबणार नाही. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात येईल."

काकांनी हातापाया पडून त्याला दाबायला लावलं.

"दाबलं. परत विचारतंय."

"प्रत्येक गटाला विचारणार ते."

"मग तुम्हीच या."

काका उठून उभे राहिले. काकूंनी ते पाहिलं.

"जा तुम्ही. शेजारणीला बोलावते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण इतक्या वर्षांत तुम्ही कधी 'नाही' दाबलंत का?"

"कधीच नाही."

"मग विचारायचं कशाला?"

काकांनी फोनवरूनच बाईंना आपल्या टेबलाशी बसवून ती ओळ खोडायला लावली, सर्व्हिस पुन्हा चालू झाली, आणि पिशव्या वेळेत निघाल्या. काकू बाहेर आल्या तेव्हा काका दारातच होते. त्यांनी काकूंचा हात घरापर्यंत सोडला नाही.

नंतर मात्र फोन वाजेना. शेवटी काकांनीच लावला.

"झकास चाललंय," बाई म्हणाल्या. "हवी तर सुट्टी वाढवा."

काकांनी फोन खाली ठेवला. त्या रोजच्या कामात त्यांचं स्वतःचं असं एवढंच होतं, तो एक 'हो'. त्यांना एकदम भरून आलं.

"अहो," काकू उशीवरून म्हणाल्या, "तुम्ही कुठे डोळे पुसत बसलात? थेंब मला घालायचेत."