दादांची काळी बीअर आणि रिकाम्या बाटल्या

गंजलेला बोल्ट सोडवण्याची विद्या या भूतलावर फक्त आपल्यालाच अवगत आहे, याबद्दल दाजींच्या मनात कसलीही शंका नव्हती.

"तेल-बिल काही नको!" जुन्या सायकलीसमोर उकिडवे बसत त्यांनी बायकोला सुनावलं. "याला दादांची बीअर पाजतो. पाच मिनिटांत शरण येतो की नाही बघ!"

"अहो, हळू बोला! कुणी ऐकलं तर?"

अंगणात त्या दोघांशिवाय फक्त सायकल होती. पण माहेरच्या माणसांचे कान किती लांब असतात, हे ती जाणून होती.

दादा म्हणजे तिचे थोरले बंधू. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसू लागले. मग कुठून कोण जाणे, त्यांना घरी बीअर करण्याचा नाद लागला. दादा भिंतीसमोरून उठले म्हणून सगळं घराणं हरखलं! हा हर्ष पहिली बाटली उघडेपर्यंत टिकला. बीअर डांबरासारखी काळी होती. पहिल्या घोटाला जीभ बधिर व्हायची आणि दुसऱ्याला कान गरम व्हायचे. तिसरा घोट कुणी घेतल्याची नोंद नाही. अशा साठ बाटल्या त्यांनी दहा घरांत वाटल्या. घरटी सहा!

पण दादांचा तो उजळलेला चेहरा बघून खरं सांगणार कोण? उलट दाजींनी भर बैठकीत उभं राहून छोटेखानी भाषण ठोकलं होतं. "आम्ही तर आठवड्यात सहाच्या सहा संपवल्या!" त्यावर बाकीच्या नऊ घरांनीही हात वर केले. कुणी म्हणालं पाच दिवसांत, कुणी चार. वकील साडूंनी तर दोन दिवसांतच संपल्याची ग्वाही दिली. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. या गोष्टीला सहा वर्षं झाली, आणि दाजींच्या सहाच्या सहा बाटल्या जिन्याखालच्या कपाटात, अंधारात, जशाच्या तशा उभ्या होत्या.

त्यातली एक त्यांनी आज काढली, धूळ पुसली आणि बूच उडवलं. बोल्टवर धार सोडली. तोच एक वास आला. दाजी थबकले. जळलेली साखर? सुके अंजीर? कॉफी? त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि एक थेंब जिभेवर घेतला. मग घोट घेतला. मग बोल्टकडे पाठ फिरवून उरलेली अख्खी बाटली रिचवली.

"सुटला का?" आतून बायकोने विचारलं.

"कोण?" दाजी म्हणाले.

ते पायरीवर बसले. त्यांच्या आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट कुठल्याही बाटलीतून कधी आली नव्हती. मुरलेल्या राजकारण्यासारखी ही बीअर सहा वर्षं गप्प बसून मवाळ, गोड आणि पोहोचलेली झाली होती! आणि मग त्यांच्या डोक्यात वीज चमकली. आपण प्यालो नाही, तर बाकीचे काय पिणार होते? नऊ घरं, चोपन्न बाटल्या! सगळ्या कुठल्या ना कुठल्या कपाटात अशाच मुरत पडलेल्या!

मागायच्या मात्र कशा? "दादांची बीअर आता छान झालीय" म्हणावं, तर "तुम्ही तर आठवड्यात संपवली होती ना?" असा प्रश्न येणार. तो दादांच्या कानावर गेला, तर दादा परत भिंतीकडे बघत बसणार आणि बायको आपल्याकडे बघणार. दुसरी गोष्ट जास्त भयंकर होती.

दाजींनी बेत आखला. 'दादांना रिकाम्या बाटल्या परत हव्यात' असं सांगायचं. समोरचा माणूस ओशाळणार, कानात कुजबुजणार, "दाजी, आमच्या भरलेल्याच आहेत हो, गुपचूप घेऊन जा." आपण मोठ्या मनाने न्यायच्या. तिथल्या तिथे खुश होऊन त्यांनी दोन मोठ्या पिशव्या उचलल्या.

पहिलं घर धाकट्या मेहुणीचं. मेहुणी शाळेत मुख्याध्यापिका. तिच्यासमोर पालकसुद्धा हाताची घडी घालून बसत.

"रिकाम्या बाटल्या?" ती क्षणभर थिजली. दाजींनी कान पुढे केला. पण मुख्याध्यापिका ओशाळत नसतात. "आहेत ना! जपून ठेवल्यात. बसा, आणते."

ती आत गेली. कपाट करकरलं. मग बूच उडाल्याचा आवाज आला. आणि त्यापाठोपाठ... गळ्ळ, गळ्ळ, गळ्ळ!

दाजी सोफ्यावरून अर्धे उठले. मोरीत ओततेय! ती ओततेय!

"अगं, घाई नाही!" ते ओरडले. "राहू दे! नंतर नेईन!"

"छे हो दाजी, झालंच! जरा विसळते नुसत्या!"

दुसरं बूच. गळ्ळ, गळ्ळ. दाजींनी उशी छातीशी कवटाळली. "थांब" म्हणावं, तर का थांबू, हे सांगावं लागणार. सहाव्या बाटलीपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मेहुणी सहा चकचकीत, ओल्या बाटल्या घेऊन बाहेर आली.

"काय झालं? रडताय का?"

"दादांच्या आठवणीने," दाजी म्हणाले.

"दादा आहेत की अजून!"

पुढच्या घरी डाव बदलायचा, असं ठरवून दाजी वकील साडूंकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्य घोटून घेतलं.

"साडूभाऊ, दादांना त्या बाटल्या हव्यात. रिकाम्या असल्या तर उत्तम. पण समजा, चुकून एखादी भरलेली राहिली असेल, तर तीसुद्धा चालेल. किंबहुना धावेल!"

वकिलांनी चष्मा पुसला. "भरलेली? आमच्याकडे? दोन दिवसांत संपवल्या, असं मी सर्वांसमोर सांगितलं होतं. माझ्या शब्दावर शंका घेताय?"

"तसं नव्हे! मी आपलं ऐकलं की अशी बीअर मुरली की फार बहारदार लागते."

"ऐकलं? कुणाकडून?"

"असंच. लोक बोलतात."

"दादांची बीअर फक्त दहा घरांत होती. दहाही घरांत ती संपली. मग मुरलेली प्याला कोण?" वकील पुढे झुकले. "दाजी, तुमच्या सदऱ्याला हा कसला डाग? आणि वास?"

दाजींनी दोन्ही हातांनी सदरा झाकला. "गंजाचा! रिकाम्याच द्या साडूभाऊ, रिकाम्याच!"

वकील विजयी मुद्रेने आत गेले. गळ्ळ, गळ्ळ, गळ्ळ! हे तर गाणंही गुणगुणत होते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकताना दाजींच्या घशाला अजूनही कोरड पडते. तिकडे मुख्याध्यापिकेने फोन उचलला होता. "दाजी तपासणीला निघालेत. दादांनी पाठवलंय. रिकाम्या करून ठेवा!" दाजी स्कूटरवर होते, फोन तारेवर. तिसऱ्या घरी बाटल्या धुऊन तयार होत्या. चौथ्या घरी पुसून. पाचव्या घरी तर "दादांना सप्रेम" अशी चिठ्ठी बांधून! सहावं, सातवं, आठवं, नववं. त्या एका दुपारी गावाच्या गटारांनी जी बीअर प्यायली, ती भल्याभल्यांच्या नशिबी नसते. उंदीरसुद्धा त्या दिवशी एकमेकांना मान देऊन पुढे जायला वाट देत असावेत.

चोपन्न रिकाम्या बाटल्या खणखणवत दाजी घरी आले. एकच विचार त्यांना तगवत होता: जिन्याखाली आपल्या पाच आहेत!

बायको दारातच हसत उभी होती. "धाकटीचा फोन आला होता. म्हणाली, दादा आपल्याकडेही बघणार. म्हटलं, तुम्ही बाहेर, तुमची अब्रू मलाच वाचवायला हवी! पाचही ओतून दिल्या. बघा कशा लखलखताहेत!"

दाजी पायरीवर बसले. एक लखलखती बाटली उचलून त्यांनी छातीशी धरली. तिला वाटलं, कृतज्ञतेने गहिवरले.

दादांनाही बातमी पोहोचलीच. सहा वर्षं घराघराने आपल्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या, आणि दाजींनी उन्हातान्हात फिरून त्या गोळा केल्या! कशासाठी? आपण पुन्हा बीअर करावी म्हणून, दुसरं काय! संध्याकाळी ते स्वतः येऊन साठही बाटल्या घेऊन गेले. जाताना दाजींना त्यांनी कडकडून मिठी मारली. महिन्याभराने ते एक खोकं घेऊन हजर झाले. चालण्यात दहा वर्षांपूर्वीचा तोरा होता.

"दादा," दाजींनी आशेने विचारलं, "तीच का? काळी?"

"छे! खरं सांगू? ती मला स्वतःला आवडली नव्हती. पाच-सहा वर्षं ठेवल्याशिवाय ती खुलणारच नव्हती. मी तुम्हा सगळ्यांना सांगणार होतो की ठेवा. पण तुम्ही लोकांनी आठवड्यात फस्त केल्या! म्हटलं, इतक्या उतावळ्या माणसांसाठी सावकाश मुरणारी बीअर करायचीच कशाला? तिची कृती लिहिलेली वही मी रद्दीत घातली."

"रद्दीत?" दाजींचा आवाज चिरकला.

"ही ताजीच प्यायची. ठेवली की नासते! म्हणून ठरवलंय, प्रत्येक घरी रोज एक, सहा दिवस. मी स्वतः समोर बसून पाजणार. सुरुवात तुमच्यापासून."

बूच उडालं. हिरवट फेस आला, आणि त्यासोबत ओल्या डिस्टेंपरचा वास. बायकोने लगबगीने एकच पेला आणून ठेवला आणि ती स्वयंपाकघरात दिसेनाशी झाली.

"दादा, तुम्हीही घ्या ना थोडी," दाजी क्षीण आवाजात म्हणाले.

"मला डॉक्टरांनी बंद केलीय, चाखतासुद्धा येत नाही," दादा खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "पण तुमच्या जिभेवर माझा पूर्ण विश्वास आहे. हं, होऊ द्या!"

दाजींनी डोळे मिटले. अजून पाच दिवस होते.